मावशीच्या दाराचं जुनं कुलूप

मला रजेसाठी साधं खोटं कारणसुद्धा धड सांगता येत नाही. मग एवढी मोठी गोष्ट मी कुठून रचणार? हे सगळं आमच्या ह्यांच्या डोळ्यांदेखत घडलंय. आणि तेही मध्यरात्री वगैरे नाही...

दिवेलागणीला.

ह्यांची सख्खी मावशी. तिला मूलबाळ नाही. काका एका संध्याकाळी घड्याळाचा सेल आणायला म्हणून खाली उतरले आणि रस्त्यातच कोसळले. दवाखान्यातून त्यांचा चष्मा मिळाला, पाकीट मिळालं, चपला मिळाल्या.

घराची किल्ली तेवढी मिळाली नाही.

मावशीचे गुडघे कामातून गेलेले आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. शेवटी ह्यांनीच मनावर घेतलं. ते घर विकायचं आणि तळमजल्यावर छोटंसं घ्यायचं.

वकिलांकडे मावशीने त्यांचं डोकं खाल्लं.

"पंखे माझे की घेणाऱ्यांचे? पडद्यांच्या दांड्या? आरसा?"

वकील हसले. "मावशी, भिंतीला-दाराला ठोकलेलं ते घराबरोबर जातं. सुटं तेवढं तुमचं."

"आणि घरात काही आवाज येत असेल, तर सांगावं लागतं?"

"नळाचा ना? माहीत असलेला दोष लपवायचा नसतो."

"दोष नाही तो," मावशी पुटपुटली.

ह्यांना वाटलं, असेल पाइपबिइप.

"आणि नंतर कधी आत जाऊन बसावंसं वाटलं तर?"

"त्यांनी बोलावलं तर जायचं. एकदा ताबा दिला की उंबरठासुद्धा तुमचा नाही."

घर घेतलं एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. नवरा-बायको दोघंच, माणसं चांगली. मावशीने होत्या तेवढ्या किल्ल्या दिल्या, एक हरवलीय हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, काही हरकत नाही, सवडीने कुलूप बदलून घेऊ.

नव्या घरातल्या पहिल्याच संध्याकाळी हे डबा घेऊन गेले, तर मावशी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेली. केस विंचरलेले, पातळ नवं.

"कोणी येणार आहे का गं?"

"शू... गप."

दोघं बसून राहिले. बाहेर अंधार पडला.

काही नाही.

मग मावशी एकदम रडायलाच लागली. काका गेल्यापासून रोज दिवेलागणीला दारात किल्ली वाजायची. आधी खरखर... कारण काकांना चष्म्याशिवाय कुलपाचं भोक कधी सापडलं नाही. मग किल्ली फिरायची. मग एक चप्पल पडायची, मग दुसरी. दिसायचं काही नाही.

"मला वाटलं, माझ्यासाठी येतात. घर बदललं तर मागोमाग येतील. माणूस माणसाकडेच येणार ना रे? घराकडे कशाला येईल?"

एकटेपणामुळे मनाचे खेळ होतात, असं म्हणत हे घरी आले आणि न जेवता झोपले.

आठवडाही झाला नसेल. डॉक्टरीणबाईंचा फोन.

"तुमच्या मावशींनी ती किल्ली कुणाला दिलीय का? खरं सांगा. रोज संध्याकाळी कुणीतरी दार उघडतं. आत येतं... खोल्याखोल्यांतून फिरतं. कुणाला तरी शोधत असल्यासारखं. मग स्वयंपाकघरात उभं राहतं... आणि उसासा टाकतं."

ती किल्ली खरंच हरवलीय, असं ह्यांनी सांगितलं.

"आज आम्ही कुलूप बदललं. आता पुन्हा झालं तर पोलिसात जाऊ."

ही गोष्ट मावशीला सांगायला नको होती. पण ह्यांच्या पोटात काही राहत नाही. ऐकल्याबरोबर मावशी चपला घालून उभी राहिली. गुडघे धरत, थांबत थांबत, ह्यांच्या आधाराने ती ते जिने चढली.

बाईंनी दार उघडलं नाही. "माफ करा, पण आत नाही घेणार," आतूनच म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं?

दोघं जिन्यातच थांबले. खिडकीतला उजेड कमी होत गेला.

खालून पावलं वाजली.

सावकाश... कठड्याला धरून चढणाऱ्या माणसाची.

पावलं जवळ आली. ह्यांच्या बाजूने गेली. कोणीही नव्हतं.

मग नव्या कुलपावर... खरखर. खरखर.

"अहो!" मावशीने हाक मारली. "मी इथे आहे. इकडे बघा."

खरखर.

"अहो, आपण घर विकलं! चला ना माझ्याबरोबर..."

खरखर थांबेना. आतून डॉक्टरीणबाई रडत ओरडल्या, "जा ना हो इथून!" हे मध्ये उभे. कुणाला काय सांगणार? ज्याला सांगायचं त्याला ऐकू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वकिलांनी हात जोडले. "पुन्हा तिकडे जाऊ नका. त्यांनी तक्रार केली तर मी काही करू शकणार नाही."

मावशीने एकच गोष्ट मागितली. काढून टाकलेलं जुनं कुलूप.

"आता सुटं झालं ना ते? मग माझंच."

बाईंनी ते मुकाट्याने पिशवीत घालून पाठवलं. रविवारी ह्यांनी ते मावशीच्या नव्या दाराला बसवून दिलं. म्हातारीचं समाधान, दुसरं काय?

बरेच दिवस काही झालं नाही.

मग एका संध्याकाळी हे तिच्याकडे चहाला बसले होते. मावशी बोलता बोलता थांबली.

खट्.

किल्ली आत गेली. फिरली. दार हातभर उघडलं...

बाहेर कोणी नाही.

"आलात?" मावशी लगबगीने उठली. खुर्ची पुढे ओढली. तिचा चेहरा असा फुलला, की ह्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. दार हळूच लागलं. आतून कडी सरकली.

आणि तेव्हा ह्यांच्या लक्षात आलं.

खरखर झाली नव्हती. किल्ली एका झटक्यात आत गेली होती. चपलाही पडल्या नव्हत्या.

खिशातला फोन वाजला. डॉक्टरीणबाई होत्या. "आज तर थांबतच नाहीये. ऐका तुम्हीच!"

फोनमधून येत होतं... खरखर. खरखर.

काका तिकडे होते.

समोर मावशी रिकाम्या खुर्चीपुढे कप ठेवत होती.

"मावशी," हे उठून उभे राहिले. "हे काका नाहीत गं."

"तुझ्या जिभेला काही हाड? जा, साखर आण."

हे कसेबसे कडी काढून बाहेर पडले. रस्त्यातूनच वकिलांना फोन लावला. आपण होऊन घरात घेतलेल्याला बाहेर कसं काढायचं? वकिलांना वाटलं, भाडेकरू असेल.

"तुम्हीच दार उघडून दिलंत ना? मग अवघड आहे हो."

कुलूप काढून टाकावं म्हणून हे दोनदा गेले. मावशीने दार उघडलं नाही. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं. ती बोलायची, मध्ये थांबायची, "हो ना!" म्हणायची. थांबायची तेव्हा आत काय चाललेलं असायचं, देव जाणे. मावशी खूश आहे, जेवते, गुडघेही म्हणे दुखत नाहीत. तक्रार करायची तरी कुणाकडे, आणि कसली?

काल तिचा फोन आला होता.

"अरे, हे विचारत होते, तुझं घर कुठे आहे म्हणून."

काका आमच्याकडे कितीदा तरी येऊन गेलेले. ह्यांनी घाईघाईने विचारलं,

"मग तू काय म्हणालीस?"

"विसरले असतील रे, वय झालं. सांगितला पत्ता."

आज सकाळी आम्ही कुलूप बदललं. त्याने काय होणार आहे, मला माहीत नाही. आता उजेड कमी व्हायला लागलाय, आणि हे मघापासून दाराकडे बघत बसलेत.