हॅलोजनखालचा चेहरा

नौबादला व्यंकटकडे हॅलोजन आणायला गेलो तेव्हा दुपार व्हायची होती. व्यंकट लग्नांचं शूटिंग करायचा. त्याचे स्टँडवरचे दोन मोठे दिवे माझा धाकटा भाऊ विजयेंद्र रिक्षात नीट लावत होता आणि मी बाजूला उभी राहून राग गिळत होते.

ही दोन हजार चारची गोष्ट. विजयेंद्र हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, तिथून कुणाचा तरी हँडीकॅम घेऊन आला होता. अमेरिकेतल्या एका स्थळाला माझा व्हिडिओ पाहिजे होता. फोटोवरून रंग नीट कळत नाही, असं मुलाच्या आईनं फोनवर सांगितलं होतं. मी औरादच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, पोरांना प्रकाशाचे नियम समजावत होते, आणि माझ्याबद्दल त्या बाईला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

खरं तर सकाळीच विजयेंद्रनं मला वरच्या खोलीत खिडकीपाशी बसवून थोडं शूटिंग केलं होतं. खिडकीचा मऊ उजेड चेहऱ्यावर एका बाजूनं येत होता. मी जशी आहे तशी दिसत होते, सावळी.

"अक्का, मस्त आलंय की," तो म्हणाला.

अप्पांनी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यात डोकावून बघितलं. "उजेड कमी पडायलाय. मोठे दिवे आण. अन् ती खिडकी बंद कर."

"खिडकी कामून?" मी विचारलं.

"सांगितलं तेवढं कर, श्रीलक्ष्मी."

म्हणून आम्ही नौबादला गेलो होतो. परत आल्यावर खिडकी लावली, वर सतरंजी टांगली. भर दुपारी खोलीत अंधार झाला. मला भिंतीसमोर स्टुलावर बसवलं. आईनं पदर सारखा केला, पण माझ्याकडे बघायचं ती टाळत होती. अप्पा दारापाशी खुर्ची टाकून बसले. विजयेंद्रनं एक दिवा लावला. गरम हवा तोंडावर आली, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, स्वयंपाक येतो म्हणून सांगितलं.

विजयेंद्रनं टेप मागे घेऊन बघितली आणि तो कॅमेऱ्याची बटणं दाबत बसला.

"काय झालं?"

"चेहरा काळा आलाय, अक्का."

मी उठून बघितलं. मागची भिंत पांढरीशुभ्र दिसत होती. मांडीवरचे माझे हात पिठात घातल्यासारखे पांढरे दिसत होते. फक्त चेहरा अंधारात होता, दिवा पाठीमागून मारल्यासारखा. पण दिवा तर समोर होता.

"दुसरा लाव," अप्पा म्हणाले.

दुसरा लावला. चेहरा आणखी काळा आला. मी चेहऱ्याशेजारी कोरा कागद धरून बघितला. कागद लख्ख दिसत होता, आणि त्याला लागून असलेला माझा गाल तव्याच्या बुडासारखा. असं होऊच शकत नाही, मी मनात म्हणत होते. उजेड असा निवडून पडत नाही.

तेवढ्यात वास आला. जुन्या काळच्या स्नो-पावडरीचा, गोडसर आणि शिळा. आमच्या घरात ते कुणी लावत नव्हतं.

आई भिंतीला टेकली. "दिवे बंद कर, बाळा," ती विजयेंद्रला म्हणाली. "वेणाक्काला असंच बसवलं होतं…"

"जानकी," अप्पा म्हणाले.

"न्हाई, आज बोलू द्या मला."

वेणाक्का म्हणजे अप्पांची बहीण. लहानपणीच तापानं गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. आईनं खालच्या आवाजात बाकीचं सांगितलं. लहानपणी नव्हे, वेणाक्का लग्नाच्या वयाची होती. स्थळाला पाठवायच्या फोटोसाठी तिला स्नो थापून, दिव्यांसमोर बसवून, वरून फोटोवर ब्रश फिरवून गोरी केली. फोटो बघून लग्न ठरलं. मांडवात नवऱ्याच्या आईनं तिची हनुवटी वर केली आणि म्हणाली, फोटोतली ही न्हाई. वऱ्हाड परत गेलं. पुढं दुसरं स्थळ येईपर्यंत रंग उजळावा, ऊन लागू नये, म्हणून तिला याच खोलीत ठेवलं आणि खिडकीला फळ्या ठोकल्या. ती खोलीतनं बाहेर आलीच नाही.

"फळ्या कुणी ठोकल्या?" मी विचारलं.

आईनं अप्पांकडे बघितलं. अप्पा जमिनीकडे बघत होते.

"एकदाच घे," ते विजयेंद्रला म्हणाले. "ट्यूबलाइट पण लाव. शेवटचं."

मला अजून कळत नाही, मी तेव्हाच का उठले नाही. रागात होते. तरी बसले. खोलीतले सगळे दिवे लागले. मी म्हणाले, "माझं नाव श्रीलक्ष्मी पांडुरंगराव…"

टेप लावली. लख्ख भिंतीसमोर माझी साडी, माझे हात, आणि मानेवर नुसता काळोख. त्या काळोखातून आवाज आला. माझा नव्हता. हलका, कुणी खूप दिवस बोललं नसावं तसा.

"पांडू… खिडकी उघड की रे."

अप्पांना पांडू म्हणणारं कुणी जिवंत नव्हतं. ते उभे राहिले आणि तसेच परत खाली बसले. दिव्यांचा गुणगुणणारा आवाज तेवढा येत होता.

मी उठले आणि दिव्यांची वायर बोर्डातून उपटून काढली. सतरंजी खाली ओढली आणि खिडकी उघडली. ऊन उतरलं होतं.

"एवढं करून भागलं न्हाई तुमचं?" मी अप्पांना म्हणाले. "एक पोर मारलीत, अन् आता परत तेच करायलात? परत त्याच खोलीत?"

मी विजयेंद्रकडे वळले.

"विजू, आता घे. असं. जाणार असलं तर हेच जाईल."

खिडकीसमोर स्टूल ओढून बसले. चेहरा स्वच्छ आला, माझ्या रंगाचा. विजयेंद्रनं सीडी करून पाठवली. तिकडून निरोप आला, मुलगी हुशार आहे, पण व्हिडिओत उजेड कमी वाटतो. मी फोनवर त्या बाईला म्हणाले, "उजेड भरपूर होता. तुम्हाला बघता येत न्हाई." आणि फोन ठेवला. त्यानंतर माझा व्हिडिओ कुणीच मागितला नाही. मी औरादलाच राहिले आणि सुखात आहे.

खिडकीसमोर घेतलेली ती टेप मात्र माझ्याकडे आहे. एकदा कॉलेजच्या मोठ्या टीव्हीवर लावून बघितली. डोळ्यांच्या बाहुलीत समोरचा उजेड उमटतो. माझ्या डोळ्यांत खिडकीचा पांढरा चौकोन दिसतो, आणि चौकोनात एका बाईची काळी आकृती, माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत उभी. आई, अप्पा तेव्हा दाराकडे होते, विजयेंद्र कॅमेरा घेऊन खिडकीच्या बाजूला. माझ्या आणि खिडकीच्या मध्ये कुणी नव्हतं.

मी नाव सांगते, शिक्षण सांगते, तोवर ती तशीच उभी असते. शेवटी मी बोलायची थांबते, कॅमेरा बंद व्हायच्या जरासं आधी… आणि ती खोलीकडे वळते.