झऱ्याचं वरचं दार

झऱ्यापाशी कुणी चपला घालून जात नाही, कुणी चूळ भरत नाही, गुरंसुद्धा कुंपणाबाहेर थांबतात. मग पाणी नासलं कसं?

सन २०६१च्या श्रावणात कातळवाडीला हा एकच प्रश्न पडला होता. सगळी वाडी जाखमातेच्या झऱ्याचं पाणी प्यायची. पाणी तपासायला होता टिपूस, घागरीएवढा यंत्रमानव. त्याने दोनदा सांगितलं होतं, पाण्यात जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) आहेत, उकळून प्या. तिसऱ्या तपासणीतही ते सापडले, तर झरा बंद होणार होता.

देवीच्या अभिषेकाची कळशी याच झऱ्यातून भरायचा मान यंदा दहा वर्षांच्या कस्तुरीचा होता.

"तीन पिढ्या हेच पाणी पितोय आम्ही. तुझीच जीभ गंजली असेल," देवळाचे गुरव भिकूकाका टिपूसला म्हणाले.

"माझी जीभ काचेची आहे, काका. गंजत नाही."

मग टिपूसने कस्तुरीला विचारलं, पाणी येतं कुठून? तिने कपारीकडे बोट दाखवलं.

"ते बाहेर पडायचं दार. आत शिरायचं कुठे?"

हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. टिपूसने समजावलं. वरच्या सड्याचा (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाचा) जांभा दगड अनारशासारखा जाळीदार असतो. पाऊस त्यात मुरतो, खाली चिकणमातीच्या थराला अडतो, थरावरून सरकत सरकत पायथ्याशी बाहेर येतो. तोच झरा. म्हणून सडा हे झऱ्याचं पुनर्भरण क्षेत्र (पाणी मुरून झऱ्याला मिळतं ती जागा).

कस्तुरीला सड्यावरचा खड्डा आठवला. निर्माल्य पायदळी येऊ नये, म्हणून देवीची उतरलेली फुलं त्या खड्ड्यात ठेवायची वाडीची रीत होती. श्रावणात तर रोज टोपलीभर, आणि ती तिथंच कुजायची. टोपली नेत होती ती स्वतःच.

सांगावं की नाही? तिने सांगितलं. काका चिडले. देवीची फुलं कधी पाणी नासवतील का, म्हणाले. टिपूसने वाद घातला नाही. त्याने कस्तुरीच्या हातात रेखक (पाण्याचा माग दाखवणारा निरुपद्रवी रंग) दिला. मंगळवारी सकाळी तिने तो खड्ड्यात ओतला. बुधवारी दुपारी झऱ्याची धार केळीच्या कोवळ्या पानासारखी हिरवी झाली.

काका उठले आणि स्वतःच फावडं घेऊन आले.

खड्डा रिकामा झाला. आता निर्माल्य झऱ्याच्या खालच्या अंगाला, पक्क्या टाकीत जातं आणि त्याचं खत देवीच्या अबोलीला मिळतं. पंधरा दिवस पावसाने सडा धुऊन काढला. तिसऱ्या तपासणीत पाणी निर्मळ निघालं. पलीकडच्या वाडीनेही टिपूसला बोलावणं धाडलं, आमच्या झऱ्याचं वरचं दार शोधून दे म्हणून.

रविवारी सारे सड्याला कुंपण घालायला निघाले. काठाशी येताच काका थांबले आणि त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"काका, कातळ टोचेल की," कस्तुरी म्हणाली.

"टोचू दे गं. दार इथं आहे ना?"

तिनेही चपला काढल्या.