विकस्ट्रॉमच्या अस्वलाचं तोंड

शेगडीत एक ओंडका टाका आणि जवळ सरकून बसा, पोरांनो. हे काही जुनंपुराणं नाही. गेल्या जानेवारीतलं, इथलं, फेअरबँक्समधलंच. आणि ज्याच्या बाबतीत घडलं, त्याला मी तीस वर्षं माल विकलाय.

महिन्याचा दुसरा शनिवार. रोलंड विकस्ट्रॉम माझ्या दुकानात लॅकरचा, चकाकी आणणाऱ्या रोगणाचा, डबा न्यायला आला. आठवड्यातला तिसरा.

"पितोस की काय रे म्हाताऱ्या?"

"तुझा माल प्यायलो असतो तर एव्हाना सुटलो असतो," तो म्हणाला. पण हसला नाही.

मेलेलं अस्वल जिवंत वाटावं असं भरून उभं करणारे गावात पुष्कळ आहेत. उघडं तोंड मात्र रोलंडनेच करावं. दात-जबडा तयार मिळतो, माझ्याकडेच मिळतो. पण हिरड्या पुट्टीने ओठांशी सांधायच्या, जिभेवर रंग फवारायचा, शेवटी लॅकरचे हात देऊन सगळं लाळेने ओलं वाटेल असं करायचं, तिथे भलेभले घसरतात. सध्या हातात असलेल्या ग्रिझली अस्वलाचं सगळं झालं होतं. फक्त लॅकर... रात्री काचेसारखं, सकाळी दुधाळ. दमट हवेत ते पांढरं पडतं, कुठलाही सुतार सांगेल. पण उणे चाळीसात, घरातल्या कोरड्या हवेने ओठ फुटतात तिथे, ओल आणायची कुठून?

"शेगडीवर केटली ठेवली असशील," त्याची मुलगी मार्ना संध्याकाळी फोनवर म्हणाली.

"सोमवारपासून चहासुद्धा केला नाही."

"मग हात गेले तुझे, बाबा. उद्या अस्वल डेल्टाला गिऱ्हाइकाकडे पोचलं नाही तर बास. वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय. सोमवारी कारखान्याला टाळं."

"पोचेल."

"बघू."

बायको जाऊन चार वर्षं झालेली. कारखान्याला टाळं लागलं तर रोलंडला सकाळी उठायचं कारण उरणार नव्हतं. त्या रात्री तो आडवा झालाच नाही. पांढरा थर खरवडला, नवा हात दिला, दिवा जवळ ओढला आणि अस्वलासमोर स्टुलावर बसला.

बारा. टाळू चकचकीत.

एक. तशीच.

दोन वाजून दहा मिनिटांनी, अगदी आत, घशापाशी, एक ठिपका धुरकटला.

दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा त्याने आत धरला.

धुकं आलं.

पुसला. पुन्हा धरला.

पुन्हा...

घसा तर बंद होता. मागे नुसता फोम. त्यानेच कोरलेला.

आपलाच श्वास असेल म्हणून त्याने तो रोखला. आरसा धुरकटला... निवळला... धुरकटला. सावकाश. गाढ झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

त्याने बोटं आत घातली. जिभेच्या वर.

ऊब...

दार चार पावलांवर होतं. पण चार वर्षांत रात्री त्या खोलीत त्याच्याखेरीज कुणी श्वास घेतला नव्हता. तो हात तसाच ठेवून बसला. बराच वेळ.

"थंडी वाजते का?" त्याने एकदा विचारलं.

...

पहाटे त्याने लॅकर काढून पाण्यातलं वॉर्निश चढवलं. त्याला ते आवडत नसे, लॅकरची झाक येत नाही. पण ते पांढरं पडत नाही.

दहाला मार्ना आली. तोंडात डोकावली. "जमलं की! उगाच रडत होतास. रात्रभर जागलास?"

"सोबत होती."

कारखान्याला टाळं लावायचा विषय तिने काढला नाही.

अस्वल गाडीमागच्या बंद ट्रेलरमध्ये बांधलं. आत ना हीटर, ना दिवा. दोन तासांचा रस्ता. डेल्टाला अस्वलाचा मालक डेल फाटकाशीच उभा होता. मार्नाने ट्रेलरचं दार उघडलं आणि तिचा हात कडीवरच राहिला.

नाकपुड्यांभोवती, ओठांवर, हनुवटीखालच्या केसांवर जाड पांढरं हिंव गोठलं होतं. बर्फावरची स्लेज ओढून आलेल्या कुत्र्यांच्या तोंडावर श्वास गोठून साठतं, तसं. बाकीचं अंग कोरडं.

"हे काय?" डेलने हातमोज्याने ते झटकून टाकलं आणि उचलायला माणसं आणायला गेला.

रोलंड आणि मार्ना तिथेच उभे राहिले.

माणसं आली तेव्हा नाकपुड्या पुन्हा पांढऱ्या झाल्या होत्या.