साडेतीन गुण

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातल्या शाळेत बुद्धिबळ स्पर्धेच्या पहिल्या सकाळी माझ्या खुर्चीवर एक अनोळखी तरुण बसला होता.

"ही माझी जागा," मी म्हणाले.

"मग मी समोर बसू?"

"समोर कोण, ते पंच ठरवतात, मोतीलालजी."

तो अकोल्याचा वामन. मी इथे मुलींना विज्ञान शिकवत होते. स्पर्धा पाच फेऱ्यांची. जिंकलं की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा; आणि पुढल्या फेरीत सारख्या गुणांचे खेळाडू समोरासमोर. वामन जिंकत राहिला, मी अर्ध्या गुणाने मागे. आमची जोडी लागेना. मान वर केली की मात्र तो पाहत असायचा... आणि मी खेळी विसरायचे.

छप्पनचा ऑक्टोबर होता तो. एक नोव्हेंबरला अकोला मुंबई राज्यात जाणार, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहणार. पुढल्या वर्षी त्याची स्पर्धा वेगळी, माझी वेगळी.

चौथ्या फेरीनंतर माझे साडेतीन झाले. वामनचेही साडेतीनच. आता आमची जोडी लागणार होती. तेवढ्यात धूलकोटचा सुपडू हरता डाव जिंकून बसला.

"तीन जणं साडेतीनवर," मोतीलालजी म्हणाले. "एकाले खाली खेळा लागन."

चिठ्ठी माझी निघाली; मला कमी गुणांच्या खेळाडूसमोर बसावं लागलं. शेवटच्या फेरीत वामन सुपडूशी खेळला, हरला. पहिला नंबर गेला.

दुपारी मोतीलालजींनी डावांचे कागद माझ्याकडे उतरवायला दिले. वामनचा चौथा डाव पाहून मी थांबले. तो दाराशी वळकटी बांधत होता.

"तुमच्याकडे एक हत्ती जास्त होता. बरोबरी का मागितलीत?"

त्याने दोरी उगाच पुन्हा सोडली. "जिंकलो असतो तर माझे चार झाले असते. तुमचे साडेतीन."

"आणि सुपडू?"

"माझ्या हिशेबात... आपण दोघंच होतो."

"एवढी चूक मी मुलींनाही माफ करत नाही," मी म्हणाले.

"मग मला?"

भुसावळच्या गाडीला तास होता. मी खिडकीपाशी पट मांडला.

"या डावाला गुण नाहीत," मी म्हणाले.

"नकोतच."

"तासाभरात संपायचाही नाही."

"ठाऊक आहे."

पांढरी माझ्याकडे होती. पहिल्या खेळीला मी एरवी क्षणही लावत नाही. त्या दिवशी प्याद्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.