नळाचं पाणी

सम्राट पहिल्यांदा भेटला तेव्हा माझी ओढणी त्याच्या वायरींत अडकली होती. साल १९९६, नगरचं कॉलेज. मी चुकून एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत शिरले होते.

"हलू नका! तीन महिन्यांचं काम जाईल," असं म्हणत तो एकेक वायर सोडवू लागला.

"आणि ओढणी फाटली तर?"

"ती नवी घिऊन दिऊ की."

लाजलेच मी. मग रोज काही ना काही निमित्त काढून जाऊ लागले. सम्राट ॲसिडशिवाय, जस्ताच्या साध्या क्षारपाण्यावर पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी करत होता. दर चार्जिंगला जस्ताची पट्टी किती झिजते, तिच्यावर बारीक सुया कशा उगवतात, ते वहीत टिपायचा. "दादा बॅटरीच्या दुकानात हायेत. ॲसिडनं हात भाजलेत त्यांचे," एवढंच एकदा म्हणाला.

मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी कर्जतला जाताना त्यानं प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात ठेवली. "मनकर्णा, पाणी आटलं की डिस्टिल्ड वॉटर घाल. दुसऱ्या कुनाला सांगवत न्हाई."

तिसऱ्या दिवशी डिस्टिल्ड वॉटर संपलं. एवढ्या उन्हात आणायला कोण जाणार? मी वसतिगृहाच्या नळाचं पाणी ओतलं. ज्या पाण्यात आमची डाळ शिजत नाही, ते!

तो परतला तेव्हा पट्ट्यांवर पांढरा थर होता, मध्ये भोकं. "माझंच जस्त खराब हुतं," तो म्हणाला. त्याच्या सरांनी प्रयोग बंद करायला सांगितला. आणि मी गप्प! आठ दिवस त्याच्यासमोर बसून, त्यानंच आणलेला चहा पीत. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

नवव्या दिवशी तो सामान खोक्यात भरू लागला... मला राहवेना.

"सम्राट — जस्त चांगलं होतं. मी... नळाचं पाणी घातलं."

त्याचे हात थांबले. "आधी का न्हाई सांगितलंस?"

"तू बोलायचा थांबशील म्हणून. तू मला... आवडतोस."

त्यानं खोक्यातून वही काढली. मग वहीतलं 'जस्त अशुद्ध' खोडून त्यानं 'नळाचं पाणी' लिहिलं. पेन तिथंच अडलं. मी ते घेतलं आणि पुढं माझं पूर्ण नाव लिहिलं.

"सर इचारतील, ही कोन?"

"काय सांगशील?"

"जिच्यावर मी अजून दोन दिवस रागावनार हाय, ती."

"दोनच?"

त्याचे कान लाल झाले. "जास्त जमायचं न्हाई मला."

मान खाली घालूनच मी सरांना खरं सांगायला त्यांच्या खोलीकडे निघाले. तो मागोमाग आला. दारापाशी त्यानं वही दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हातानं माझा हात धरला.