महागूचा निळसर दाणा

श्रद्धा बोरकर आली ती हातात कागदाची पुडी घेऊन, आणि बसायच्या आधीच तिनं ती अहिल्याबाईंच्या टेबलावर उलटी केली. कॉफीचे मूठभर कच्चे दाणे टेबलभर पसरले.

"महागू खरा का खोटा, एवढंच मले आज सांगा, ताई. तो झाडं उपटतो म्हून राह्यला."

अहिल्या लांजेवार यांचं चौकशीचं दुकान बालाघाटच्या कोर्टासमोर, टायपिंगवाल्याच्या माडीवर. धंदा बहुतेक लग्नाआधीच्या स्थळांचा: मुलगा खरंच रायपूरला नोकरीला आहे का, पितो किती, वगैरे. मदतीला डोमाजी. त्यांनी तीस वर्षं कोर्टाचे समन्स वाटले होते, त्यामुळे पाय चपळ आणि डोकं सावकाश. हे ते स्वतःच कौतुकानं सांगत.

श्रद्धाची हकीकत थोडक्यात अशी. बालाघाटात तिचं कॉफीचं दुकान. बैहरच्या पलीकडे महागूची सहा एकर जमीन. सहा वर्षांपूर्वी तिनं त्याला सागाच्या सावलीत कॉफी लावायला लावली.

"तो रोबस्टा लावत होता. दणकट झाड, कीड कमी, पीक भरपूर. मीच हट्ट धरला का अरेबिकाच लाव. नाजूक असते, पण वास आन् चव तिचीच. त्यानं माह्या शब्दावर तीनशे झाडं लावली. नाल्याकाठी दोन ओळी तेवढ्या रोबस्टाच्या ठेवल्या."

मागच्या वर्षी चार-पाच किलो दाणा निघाला, तो तिच्या घरीच राहिला. यंदा खरं पीक. मंगळवारी नागपूरचा खरेदीदार आला होता, पाच वर्षांचा सगळा माल ठरवायला. श्रद्धाच्या दुकानात त्यानं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "कडू आहे. यात रोबस्टा आहे. अरेबिका सांगून बोलावलंत," म्हणाला आणि गाडीत बसला.

"त्याच पायी मी महागूले फोन केला. चोर म्हटलं त्याले." श्रद्धा आता कुठे खुर्चीत बसली. "तो खरा असंल तं मी काय करून बसली, ताई?"

"त्याच्या अंगणात दाणा पाह्यला होता?"

"शनिवारी. निळसर हिरवा होता. नमुन्याचं लहान पोतं मीच घरी आणलं. मंगळवारी दुकानात उघडलं तं हा असा, पिवळट. वरून एक दाखवला आन् भरला दुसरा."

अहिल्याबाईंनी भिंग काढलं. एकेक दाणा उलटा करून पाहिला. दाण्यांत वाळक्या पानाचा एक करकरीत तुकडा होता.

"कॉफीचंच पान असंल," डोमाजी म्हणाले.

"काठाले दात आहेत, डोमाजी." त्यांनी तो तुकडा पाकिटात घातला. "महागूले फोन लावा. म्हणा, आजचा दिवस थांबा."

डोमाजी जिन्यात गेले. फोन लागला. पलीकडचा आवाज थकलेला होता.

"थांबतो. पण बाईले अजून वाटते का, मी चोर आहो?"

तीस वर्षांची कोर्टाची सवय डोमाजींच्या तोंडून आपोआप बोलली. "चौकशी चालू आहे."

फोन बंद झाला. डोमाजींनी वर येऊन सांगितलं, निरोप दिला. तो दिलाच होता.

स्टेशनजवळच्या राजूचंही कॉफीचं दुकान; त्यानं तर माल बदलला नसेल, अशी श्रद्धाला शंका, म्हणून आधी तिकडे. राजू खदखदून हसला.

"मी काहून बदलू माल? माह्या गिऱ्हाइकाले दुधात कडक पाह्यजे. रोबस्टाच पुरते. अरेबिकाचा नखरा परवडते कोणाले इथं?"

त्यानं मूठभर दाणे दिले. अहिल्याबाईंनी ते श्रद्धाच्या दाण्यांशेजारी तळहातावर मांडले. राजूचे गोल, बुटके, मधोमध रेघ सरळ. डोमाजींना दोन्हीकडे दाणेच दिसले.

मग श्रद्धाच्या दुकानात भाजणीचं काम करणारा अंकित. तो आधीच घाबरून बसला होता.

"मीच भाजला, ताई. महागूभाऊचा माल पहिल्यांदाच हाती आला, मले वाटलं असाच असते. पण लवकर काळा पडला. सांभाळता सांभाळता जळाले लागला."

"पोत्याची शिवण?"

"शिवलेलंच होतं. पक्कं."

दुपारी श्रद्धानं दोघांना जेवायला घरी नेलं. तिचे वडील मधुकरराव, चाळीस वर्षं तांदळाच्या व्यापारात घालवलेले, स्वतः वाढायला उभे राहिले. भात असा मोकळा, की शितं मोजून घ्यावीत. डोमाजींनी दुसऱ्यांदा घेतला.

"तीन वर्षांचा आहे," मधुकरराव खुलले. "पाहुण्याले नवा तांदूळ वाढाले मले लाज वाटते. चिकट, पोटाले जड. दोन पावसाळे कोठीत काढले का मंग तो खरा तांदूळ."

डोमाजींच्या भातात वाळक्या पानाचा कपटा आला. त्यांनी तो ताटाच्या काठाला लावला.

"कडूनिंब आहे, काही होत नाई," मधुकरराव म्हणाले. "कोठीत टाकतो, कीड लागत नाई."

अहिल्याबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी पाकिटातला तुकडा काढून त्या कपट्याशेजारी ठेवला. दोन्हींच्या काठाला करवतीसारखे तेच दात.

"मधुकरभाऊ, मागच्या वर्षीचा महागूचा दाणा कुठं आहे?"

"आता कुठला? नागपूरच्या पाहुण्याले दिला ना!" म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट पाहणारं हसू होतं.

श्रद्धा उभी राहिली. अहिल्याबाईंनी तिला हातानं खाली बसवलं.

"ऐक. राजूचा दाणा गोल, रेघ सरळ. तो रोबस्टा. तुह्या पुडीतला लांबट, रेघ वाकडी. ती अरेबिकाच. म्हणजे भेसळ झालीच नाई. महागू सुटला, राजूही सुटला. मंग शनिवारचा निळसर दाणा मंगळवारी पिवळा कसा? तीन दिवसांत रंग उतरत नाई. वर्षभरात उतरते. वर्षभर वाळलेला, म्हून अंकितच्या हाती लवकर जळला. तो दाणा महागूचाच, पण मागच्या सालचा. तीन दिवस पोतं होतं याच घरात. आन् उसवलेलं पोतं पुन्हा पक्कं शिवणं हे तांदळाच्या व्यापाऱ्याचं काम. कॉफी शेजारचा वास ओढून घेते. ती वर्षभर निंबात निजली होती. नागपूरवाल्याले जे कडू लागलं, ते रोबस्टा नव्हतं."

मधुकरराव एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"एवढा मोठा पाहुणा," ते म्हणाले. "मी म्हटलं, पोरीची लाज राहावी. नवा माल कसा देऊ?"

"बाबा, कॉफी तांदूळ नाई," श्रद्धा म्हणाली.

"म्हणजे माह्यानं झालं?" त्यांनी विचारलं. ते उष्ट्या हातानं तसेच बसून राहिले.

नवा दाणा कोठीत सापडला, निंबाच्या पानांखाली, फडक्यात बांधलेला. तो पुढच्या वर्षासाठी ठेवला होता. निळसर, टपोरा.

महागूचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. तिघं जीपनं बैहरकडे निघाले.

ते पोचले तेव्हा ऊन कललं होतं. सागाखाली ओळीनं खड्डे होते, माती अजून ओली. तीनशे झाडांचा ढीग बांधावर रचलेला, पानं मलूल पडायला लागलेली. नाल्याकाठच्या दोन ओळी तेवढ्या उभ्या होत्या. उपटायला लावलेले गडी निघून गेले होते; ढिगाशेजारी महागू कुदळ मांडीवर घेऊन एकटा बसला होता.

श्रद्धा त्याच्यापुढे मातीतच बसली. "चुकली मी, महागू. तू खरा होता." तिनं फडकं सोडलं.

महागूनं एक दाणा उचलला, बोटांत घासला, हुंगला.

"हौ. माहाच आहे." त्यानं दाणा परत ठेवला. "सकाळी फोन आला तवा मी कुदळ खाली ठेवली होती. म्हटलं, बाईले खरं कळलं असंल." त्यानं डोमाजींकडे पाहिलं. "मंग हे बोलले, चौकशी चालू आहे. चौकशी चोराचीच होते ना, भाऊ?"

डोमाजींनी आयुष्यात हजारो दारांत कागद दिले होते आणि आतला माणूस काय म्हणतो ते न ऐकता पायऱ्या उतरले होते. आज जाववत नव्हतं. सकाळी एक 'नाही' म्हणायचं होतं. तोंडाशी आलंच नाही, आणि आता त्या 'नाही'चा काही उपयोग नव्हता.

त्यांनी ढिगातलं एक झाड ओढलं, जवळच्या खड्ड्यात उभं केलं आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती लोटायला लागले. अहिल्याबाईंनी मान वळवली.

महागू उठून आला. त्यानं डोमाजींच्या खांद्यावर हात ठेवला.

"नका करू, भाऊ," तो म्हणाला. "मुळं तोडली मी."