सुप्यापर्यंतचं तिकीट

"ओ मॅडम, तिथं माझा रुमाल हाय!"

मी दचकलेच. आयुष्यात पहिल्यांदा विमानात पाऊल टाकलेलं, आणि खिडकीजवळच्या सीटवर निळ्या चौकडीचा रुमाल! पुणे-दिल्ली विमान, कंपनीचं नाव 'उंचझेप', पण सीट नंबर छापायचं मशीन बंद. "कुठेही बसा," म्हणाले. मग काय, नगरच्या स्टँडवर उडते तश्शी झुंबड! आणि या पठ्ठ्यानं लांबूनच रुमाल भिरकावून जागा धरलेली.

"ही काय एसटी आहे?" मी भडकले.

"जागा ती जागाच," तो हसला. "बसा तुमी खिडकीशी. मी सम्राट. सुप्याचा."

"नाव सम्राट आणि राज्य रुमालाएवढं! मी यशोधरा. केडगावची."

हसताना त्याचे डोळे असे बारीक व्हायचे... बरं, ते राहू दे.

विमान दोनदा धावपट्टीपर्यंत गेलं आणि दोनदा परत आलं. एसी बंद. डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्याचं झाकण सारखं उघडायचं. शेवटी हवाई सुंदरीनं त्याला चिकटपट्टी लावली — चिकटपट्टी! माझं धाबं दणाणलं. डोळे मिटून मी हाताला लागेल तो हात घट्ट धरला. सम्राटचाच, दुसऱ्या कुणाचा असणार? तेवढ्यात घोषणा झाली — उड्डाण रद्द, उद्या दुपारी या.

नगरकडे येताना एसटीत आम्ही शेजारीच बसलो.

"मी नाही येणार उद्या," मी सांगून टाकलं. "परवा दिल्लीच्या प्रयोगशाळेत हजर झाले नाही तर नोकरी गेली. गेली तर गेली! त्या विमानात मी पुन्हा चढणार नाही." बोलता बोलता रडूच आलं. केवढ्या कष्टानं मिळवलेली नोकरी ती.

त्यानं तोच रुमाल पुढे केला. "भीती मलाबी लई वाटली. तुमी हात धरला म्हणून... नायतर मीच धरणार हुतो."

"चावट!"

सुपं आलं. मी रुमाल परत द्यायला गेले, तर म्हणतो कसा, "राहू द्या. गाडी नगरहूनच भरून येती, सुप्यात चढणाऱ्याला बसायला मिळत न्हाई. उद्या सकाळच्या गाडीत... माझी जागा धराल?"

उत्तर द्यायच्या आत गाडी सुटली.

सकाळी मी बॅग उचलली तशी आई म्हणाली, "जाणार का गं मग?"

"फक्त सुप्यापर्यंत."

केडगावला गाडी भरलेली असते, म्हणून उलटी नगरच्या स्टँडवर गेले आणि खिडकीतून रुमाल टाकला. का? उगाच विचारू नका!

"कोन येनार हाय गं हितं?" उभ्या असलेल्या एक मावशी करवादल्या.

"येणारंय एक जण," म्हणत मी रुमालावर हात दाबून बसले.

सुप्याला तो चढला. रुमाल बघितला, मग मला बघितलं. चेहरा असा उजळला म्हणून सांगू!

"आलात!"

"जागा धरायला आले. आता उतरते. माझं तिकीट इथपर्यंतचंच आहे."

त्याचं हसू विझलं. "उतरू नका... विमान परत तसंच करायला लागलं, तर माझा हात कोन धरणार?"

"आणि नीट उडालं तर?"

"तरीबी धरा," तो हळूच म्हणाला. "दिल्लीपर्यंत न्हाई... जलमभर."

माझे कान तापले. भीती होतीच, पण आता ती एकटी नव्हती. मी मावशींची नजर चुकवली आणि मोठ्यानं हाक मारली,

"कंडक्टर, दोन पुणे द्या!"